जे. जे.च्या आवारात एक दुपार

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर, म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या बोरीबंदरच्या बाहेर पडले, की दादाभाई नौरोजी मार्ग लागतो. डाव्या हाताला वळले तर आनंद भवन आणि बुद्ध भवन, म्हणजे आपले सिद्धार्थ महाविद्यालय. तो रस्ता आपल्यातल्या कित्येकांच्या पायाखालचा आहे. उजव्या हाताला, महात्मा जोतिबा फुले मंडईच्या अलीकडे, मोठमोठ्या झाडांचे एक आवार आहे. तिकडे मात्र आपली पावले फारशी वळत नाहीत. ते सर जे. जे. कला महाविद्यालयांचे आवार.

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली ही शाळा निघाली. आजची जुनी दगडी इमारत १८७८ सालची. इंग्रजी लेखक रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये याच आवारात जन्मला, कारण त्याचे वडील येथे शिक्षक होते. फुले मंडईच्या दारावर कोरलेली माणसे आपण भाजी घेताना कधी मान वर करून पाहिली असतील, तर ती या वडिलांच्या आराखड्यातली आहेत, हे जाता जाता सांगतो. १९३५ साली येथे जाहिरात-कलेचा विभाग सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याची उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. २०२३ साली या संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

आम्ही गेलो ते विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन पाहायला. बरोबर आमच्या वस्तीतल्या एका मुलीचे आईवडील होते. मुलगी उपयोजित कलेच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला. वडील मस्जिद बंदरला माथाडी. बावीस वर्षे ते या आवाराच्या भिंतीकडेने ये-जा करीत आले, पण फाटकातून आत पाऊल टाकले ते त्या दिवशी पहिल्यांदा. आत शिरताना त्यांनी पहारेकऱ्याला विनाकारण नमस्कार केला.

ग्राफिक डिझाईन म्हणजे काय, हे वस्तीत कुणी विचारले की मुलगी पूर्वी गप्प बसायची. आता ती समोरच्या माणसाच्या खिशाकडे बोट दाखवते. रुपयाचे जे चिन्ह आपण रोज पाहतो, ते उदयकुमार यांनी आखले आणि २०१० मध्ये सरकारने स्वीकारले. स्टेट बँकेच्या पासबुकावरचा निळा गोल शेखर कामत यांनी १९७१ मध्ये काढला. आमच्यासारखे कारकून संगणकावर मराठी पत्र टंकतात, तेव्हा समोर उमटणारे 'मंगल' हे अक्षर र. कृ. जोशी यांच्या हातचे. ही सारी कुणीतरी बसून, विचार करून केलेली कामे आहेत आणि त्यांतून घरे चालतात. आपल्या पालकांना डॉक्टर कळतो, इंजिनीअर कळतो; हे तिसरे कळायला जरा वेळ लागतो.

पहिल्या वर्षी या मुलीने फार सोसले. कुणी काही बोलले म्हणून नव्हे. वर्गात इंग्रजी बोलणारी, लहानपणापासून चांगले रंग वापरलेली मुले होती, आणि हिच्याकडे होती एलिमेंटरी-इंटरमिजिएटची दोन प्रमाणपत्रे. कागद भिंतीवर लावायचे असले की ही आपला कागद कोपऱ्यात, खाली लावी. सर विचारीत, हा रंग का घेतलास? ही म्हणे, छान दिसतो म्हणून. सर म्हणत, छान दिसतो हे उत्तर नव्हे, कारण सांग. ती घरी येऊन रडे. आई म्हणे, सोड ते, बी.कॉम. कर काकांसारखे. (आमचे उदाहरण देण्यात आईची चूक नव्हती, पगार महिन्याच्या महिन्याला येतो.)

तिसऱ्या वर्षी वेष्टनाचे काम आले. कुठल्याही वस्तूचे पाकीट तयार करायचे होते. बाकीच्यांनी अत्तर घेतले, चॉकलेट घेतले. हिने आमच्या वस्तीतल्या महिला बचत गटाचे नाचणीचे पापड घेतले. चार दिवस ती वाण्याच्या दुकानासमोर नुसती उभी होती. वाण्याला वाटले, उधारी मागायची असेल. चार दिवसांत तिने काय पाहिले? पापडाची पाकिटे टोपलीत एकामागे एक उभी असतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला वरची चार बोटेच दिसतात, आणि गटाचे नाव तर खाली छापलेले! दुसरे असे, की बाया पाकीट उचलून आधी पापड तुटका आहे का ते पाहतात, आणि जुन्या पाकिटावर नेमक्या त्याच जागी फुलांची नक्षी होती. हिने नाव वर नेले, जाड आणि सरळ अक्षरात लिहिले, आणि मध्ये साधी काच राखली, म्हणजे पारदर्शक जागा.

परीक्षकांपुढे ती उभी राहिली तेव्हा इंग्रजी आठवेना. तिने विचारले, मराठीत सांगू का? ते म्हणाले, सांग. मग ती पंधरा मिनिटे बोलली. प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे कारण होते, कारण ते तिने डोळ्यांनी पाहिलेले होते. त्यानंतर तिचे कागद कोपऱ्यात गेले नाहीत.

पाकीट छापायला गेले आणि नवीच अडचण आली. संगणकावर झळझळीत दिसणारा केशरी रंग छापून आला तो विटकरी. पडद्यावर रंग प्रकाशाचे असतात आणि छापखान्यात चार शायांचे: निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. पडद्यावरचे सगळे रंग शाईत उतरत नाहीत. आता ती आधी एक नमुना छापून घेते, त्यावर गिऱ्हाइकाची सही घेते, मगच पुढची छपाई.

सहीची ही सवय मात्र तिला एका दुकानदाराने लावली. त्याने बोधचिन्ह करून घेतले, नऊ वेळा बदल सांगितले आणि पैशाच्या वेळी फोन उचलला नाही. तेव्हा ती आमच्याकडे आली, आणि आमचे बी.कॉम. कामाला आले. आम्ही तिला दरपत्रक कसे लिहायचे ते दाखवले. काम नेमके कोणते, नमुने किती, दुरुस्त्या किती, निम्मी रक्कम आगाऊ, छपाईचा खर्च वेगळा, आणि मूळ फाईल पूर्ण रक्कम आल्यावरच. सुरुवातीला तिला आगाऊ मागायची लाज वाटे. वडिलांनी तिला विचारले, "मी पाठीवर गोणी घेतो तेव्हा मजुरी मागायला लाजतो काय?"

प्रदर्शनात ते पाकीट भिंतीच्या मधोमध होते. वडील बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "याचे गटाने किती दिले?" ती म्हणाली, "साडेचार हजार, बाबा. छपाई वेगळी." आवाज खाली आला नाही. आईने पाकीट उलटून मागची बाजूही तपासली.

ज्या पालकांची मुले वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढतात, त्यांनी हे प्रदर्शन एकदा मुलांना घेऊन पाहावे. नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासनाची कला महाविद्यालये आहेत. शिक्षण चार वर्षांचे आहे, रंग-कागदाचा खर्च फीपेक्षा वेगळा धरावा, आणि शिष्यवृत्ती कोणत्या संस्थेला लागू होते ते अर्ज भरण्याआधी तेथील कार्यालयात विचारून घ्यावे.

आपल्या मंडळांनाही एक सांगणे आहे. पोर घरची आहे म्हणून फलक, पत्रिका, अहवालाचे मुखपृष्ठ फुकट करून घ्यायचे आणि मांडववाल्याला मात्र रोख मोजायचे, हे आम्हाला पटत नाही. आमच्या मंडळाने या वर्षी फलकासाठी तिच्याकडून रीतसर दरपत्रक मागवले. तिने अडीच हजार रुपये आणि दोन दुरुस्त्या असे लिहून दिले. खजिनदारांनी सवयीप्रमाणे घासाघीस केली. तिने शांतपणे एक दुरुस्ती कमी केली आणि रक्कम तीच ठेवली.