बहिणीचं नाव सातबाऱ्यावर

लावणी उरकली. गणपतीला मुंबईकर येतील आणि ओटीवर वाटपाचा विषय निघेलच.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाएवढाच, हे २००५ च्या हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीत आहे. तेव्हा बाप हयात नसला तरी हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर झालेलं किंवा कोर्टाने केलेलं वाटप मात्र तसंच राहतं.

आमच्या तुडील भागात "ती नको म्हणाली" एवढ्यावर वारस नोंदीतून बहीण गाळतात. तोंडी नको म्हटल्याने हक्क जात नाही. नुसत्या स्टॅम्पवर सही घेऊनही भागत नाही, हक्कसोड दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर लागतं. आणि ते तिने राजीखुशीने द्यावं, माहेरची साडी दाखवून घेऊ नये!

माझ्या दोन्ही बहिणींची नावं सातबाऱ्यावर आहेत. खाचरं आहेत तिथेच आहेत, भात मीच लावतो. कर्जाला त्यांच्या सह्या लागतात, त्या देतात.

ज्यांना वेगळं व्हायचंय त्यांनी सगळ्यांच्या संमतीने कलम ८५ चा अर्ज तहसीलदारांकडे द्या. वारस नोंदीला लग्न झालेल्या बहिणीही लिहा, वारलेल्या बहिणीची मुलंसुद्धा.