तिकिटामागची बाकी

युरोपात कुणी कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं निघण्याआधी मला इतक्या जणांनी बजावलं होतं की पासपोर्टच्या जोडीने ते वाक्यही मी जपून नेलं. तिकडची माणसं घड्याळावर चालतात, रस्ता विचारला तर बोट दाखवतात आणि आपल्या वाटेने जातात, तेव्हा आपलं आपण बघायचं. २०१४च्या सप्टेंबरात पाठीवर सॅक आणि कमरेच्या पिशवीत युरेल पास घेऊन मी निघाले ती या तयारीने. युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी १९५९पासून चालत आलेला हा पास तेव्हा अजून मोबाइलमध्ये शिरला नव्हता. गाडीत चढण्याआधी त्यावरच्या चौकटीत त्या दिवसाची तारीख पेनाने लिहायची. खाडाखोड चालायची नाही. एकटीने निभावून न्यायचं या हिशेबाने मी दोन पेनं घेतली होती, सुईदोरा घेतला होता, सॅकचा बंद तुटला तर म्हणून नाडीही घेतली होती. यातलं काहीच फारसं उपयोगी पडलं नाही. उपयोगी पडली ती माणसं.

बोलोन्याला पोचले त्या दिवशी इटलीत रेल्वेचा संप. फलकावर एकेक गाडी रद्द होत होती आणि मला जायचं होतं राव्हेन्नाला, तिथल्या चर्चमधली दीड हजार वर्षांपूर्वीची मोझेइक बघायला. चौकशीच्या रांगेत माझ्या मागे एक आजोबा होते. माझ्या हातातला गाडीच्या वेळेचा कागद त्यांनी मान वाकडी करून वाचला आणि रांगेतून बाहेर यायची खूण केली. मोडक्या इंग्रजीत आणि उरलेलं हातवाऱ्यांनी त्यांनी समजावलं ते असं: संप असला तरी कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात, तसा नियम आहे. त्यांनाही त्याच मार्गावर अलीकडे, लुगोला उतरायचं होतं. म्हणजे संध्याकाळपर्यंत वेळच वेळ होता.

आम्ही बाहेर येऊन बसलो. स्टेशनाच्या भिंतीवरचं घड्याळ दहा पंचवीसवर थांबलेलं होतं. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, ते त्यांच्या लक्षात आलं. २ ऑगस्ट १९८०, शनिवार, ते म्हणाले. सुट्टीवर निघालेल्यांची गर्दी, आणि सेकंड क्लासच्या वेटिंग रूममध्ये बॉम्ब फुटला. ८५ माणसं गेली, दोनशेच्या वर जखमी झाली. अँब्युलन्स पुरेनात, तेव्हा टॅक्सीवाल्यांनी जखमींना उचललं. ३७ नंबरची सिटी बस प्रवासी उतरवून मोकळी केली, खिडक्यांना पांढऱ्या चादरी बांधल्या आणि ड्रायव्हर दिवसभर त्या बसमधून मृतदेह नेत राहिला. आजोबा हे सगळं एका सुरात सांगत होते. सांगून झाल्यावर त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली पियादिना काढली. रोमान्या भागातली ही पातळ, तव्यावर भाजलेली रोटी, आत मऊ चीज. तिचे त्यांनी दोन तुकडे केले ते सारखे झाले नाहीत. कागदाला चिकटलेलं चीज अंगठ्याने निपटून त्यांनी मोठ्या तुकड्यावर लावलं आणि तो माझ्या हातात दिला. नंतर निदान कॉफीचे पैसे मी द्यावे म्हणून पुढे झाले, तर तिकडे आधी गल्ल्यावर पैसे भरून मग कॉफी मागायची पद्धत. ते कधीच भरून आले होते.

म्युनिकला वेगळाच प्रसंग. इन्सब्रुकहून येणारी गाडी इतकी रखडली की पोचेपर्यंत माझ्या मुक्कामाच्या जागेचं दार बंद झालेलं. सप्टेंबरातली रात्र, स्टेशनात वारा, दुकानांची शटर खाली. झाडू मारणाऱ्या माणसाने मला अकरा नंबरच्या फलाटाकडे पिटाळलं. तिथे बानहोफ्समिसिओन आहे. जर्मनीतल्या शंभरेक स्टेशनांवर चर्चच्या संस्थांनी चालवलेली ही मदतकेंद्रं आहेत. सुरुवात १८९४ साली बर्लिनमध्ये झाली. खेड्यापाड्यांतून कामाच्या शोधात येणाऱ्या तरुण मुली स्टेशनावरच दलालांच्या हाती लागत, त्यांना उतरवून घ्यायला काही बायका फलाटावर उभ्या राहू लागल्या. म्युनिकचं केंद्र रात्रभर उघडं असतं. निळं जाकीट घातलेल्या एका बाईंनी मला खुर्ची दिली आणि जाड कपात गरम चहा दिला. नाव विचारलं नाही, पास बघितला नाही. शेजारी एक दारू प्यायलेला म्हातारा पेंगत होता. पलीकडे एक बाई दोन प्लास्टिकच्या पिशव्या पायांत धरून बसली होती. क्षणभर मला वाटलं, आपण इथल्या नव्हे, आपल्याकडे पैसे आहेत, परतीचं तिकीट आहे. मी सॅकमधून शेंगदाण्याची चिक्की काढून त्या बाईंपुढे धरली. त्यांनी पाकीट घेतलं, चिक्की टेबलावर ठेवून चमच्याच्या दांड्याने फोडली आणि तुकडे बशीत घालून बशी फिरवली. शेवटी ती माझ्यापुढेही आली. मीही एक तुकडा उचलला. बाकीच्यांसारखीच मीही त्या रात्री तिथे आश्रयाला आले होते, हे त्या बशीने मला नीट सांगितलं.

त्याच आठवड्यात श्लिएरझे तळ्याकडे निघाले. म्युनिकहून दक्षिणेला जाणारी ही गाडी होल्त्सकिर्शेनला तुटते. एक भाग श्लिएरझेवरून बायरिशत्सेलला जातो. उरलेली गाडी पुढे शाफ्टलाखला आणखी एकदा तुटते आणि तिचा एक तुकडा लेंगग्रीसला, दुसरा टेगर्नझेला जातो. कुठल्या डब्यात बसलात यावर तुम्ही कुठल्या डोंगरात उतराल ते ठरतं. घोषणा जर्मनमधून होत होती. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या मांडीवरच्या नकाशात श्लिएरझेभोवतीचा पेन्सिलीचा गोल पाहिला, आणि गाडी थांबताच वरच्या फळीवरची माझी सॅक खाली ओढली. मला वाटलं, ते मला उतरवून देताहेत. पण सॅक आपल्याच खांद्याला लावून ते फलाटावरून तरातरा चालू लागले आणि मी मागून पळत सुटले. योग्य डब्यात मला चढवलं, सॅक आत ढकलली. मी वळून बघते तो त्यांच्या भागाची दारं मिटलेली. त्या मार्गावर तासाला एक गाडी. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, खांदे उडवले आणि हाताने मला आत जा, आत जा म्हणून खुणावलं. आभाराचा शब्द मी काचेतूनच म्हटला असेन.

माणसं घड्याळावर चालतात हे खरंच होतं. म्हणून तर त्या तासाची किंमत मला कळली. ज्याच्याकडे वेळ पडून आहे त्याने तास दिला तर त्याचं फार काही जात नाही. इथे मिनिटं मोजणाऱ्या माणसाने तास दिला होता, आणि तो परत करायची काही सोय नव्हती.

मला हे जड गेलं, कारण मी कंडक्टरची मुलगी आहे. आमचे अण्णा एसटीत होते, सातारा डेपोला. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो आणि उतरताना प्रवासी ती मागून घेतो. अण्णांनी अख्खी नोकरी हे केलं आणि घरातही तोच कायदा लावला. कुणाची बाकी ठेवायची नाही, कुणाचं मिंधं राहायचं नाही. शेजारून विरजण आणलं तरी संध्याकाळच्या आत त्या घरी काहीतरी गेलंच पाहिजे. अशा घरातून गेलेल्या मला रोज कुणी ना कुणी काहीतरी देत होतं आणि मागून घ्यायला थांबत नव्हतं.

सगळ्यांत कडी केली ती कोपनहेगनच्या वाटेवर. हॅम्बुर्गहून निघालेली गाडी तेव्हा पुटगार्डनला चक्क जहाजाच्या पोटात शिरायची आणि पाऊण तासाने डेन्मार्कच्या रोडबीला बाहेर पडायची. समुद्रावर असताना गाडीत बसू देत नसत. सगळ्यांना जिने चढून वर जावं लागे. गर्दीच्या रेट्यात मीही वर आले आणि पैशांची पिशवी खाली डब्यात, सॅकमध्ये राहिली. वर कॉफीचा घमघमाट, पोटात सकाळपासून काही नाही. शेजारच्या बाई विणत होत्या. राखाडी लोकरीचा मोजा, टाचेपर्यंत आलेला. त्यांनी न विचारता दोन कॉफ्या आणि दालचिनीचा बन आणला. मी म्हटलं, गाडीत गेल्यावर पैसे देते. त्या म्हणाल्या, सावकाश दे, कोपनहेगनला दे. मी निश्चिंत झाले. खाली गेल्यावर त्या दुसऱ्या डब्यात बसल्या. गाडी निक्योबिंगला थांबली तेव्हा खिडकीतून दिसलं की त्या फलाटावरून शांतपणे बाहेर चालल्या आहेत, विणकामाच्या सुया पिशवीतून डोकावताहेत. कोपनहेगनला त्यांना जायचंच नव्हतं.

पुढे कधीतरी त्या मार्गाने पुन्हा जावं, असं मनात होतं. तेही राहिलं. डिसेंबर २०१९मध्ये ती जहाजातली गाडी बंद झाली. आता हॅम्बुर्ग-कोपनहेगन गाड्या जटलंडवरून वळसा घेऊन जातात आणि त्या समुद्राच्या तळाशी सुमारे १८ किलोमीटरचा बोगदा बांधला जातो आहे. सत्काराच्या भाषणात लोक म्हणतात की आपल्या ऋणातच राहणं पसंत करीन. मला तसं म्हणवत नाही. मला त्या कॉफीचे पैसे द्यायचे होते.

परत आल्यावर अण्णांना हे सगळं सांगितलं. चहा, चिक्की, तास, कॉफी. त्यांना सगळ्यांत जास्त रस बोलोन्याच्या ३७ नंबरच्या बसमध्ये. त्या ड्रायव्हरची ड्यूटी किती वाजता संपणार होती, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. मग मी माझी अडचण सांगितली, की एवढी बाकी डोक्यावर घेऊन आले, आता करू काय? अण्णा म्हणाले, "अगं, रोज व्हायचं आमचं. उतारू झोपेतून उठतो, फाट्यावर घाईने उतरतो, तिकिटामागची बाकी मागायची राहते. गाडी पुढे गेल्यावर आपल्या लक्षात येतं. ते पैसे खिशात घालायचे नसतात. रात्री डेपोत भरायचे."

तेव्हापासून पुणे स्टेशनावर कुणी सामान घेऊन, गोंधळून पाट्या वाचताना दिसलं की माझे पाय थांबतात. परवा एका आजींना कोल्हापूरच्या गाडीत बसवून येईतो माझी लोणावळा लोकल सुटली. घरी पोचायला उशीर का झाला, ते अण्णांना सांगितलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "भरलेस ना? पावती घेतलीस का?"