चार इंचांची भिंत

लोहाऱ्यात मला बोलावणं येतं ते बहुतेक आडभिंतीसाठीच. हॉलमधून एक खोली काढायची असते. घरात सून यायची असते, नाहीतर भावाभावांच्या चुली वेगळ्या होत असतात. "मिस्त्री, छत तर हिच्यावर टेकवायचं नाही, मग चार इंचीत काय आहे एवढं?" असं सगळेच विचारतात. माझ्या मते गवंड्याची खरी परीक्षा याच भिंतीत आहे. बाहेरच्या भिंतीला तिची जाडी सावरून घेते. हिला तसा आधार नाही.

त्यात आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया मुरमापर्यंत नेलेला असतो, म्हणून बाहेरच्या भिंती जागच्या हलत नाहीत. मधली फरशी मात्र भरावावर बसलेली असते आणि त्याच्या खाली तीच काळी माती. दहा बाय दहाच्या चार इंची भिंतीला साडेचारशेच्या आसपास विटा लागतात आणि प्लॅस्टर धरून तिचं वजन दोन टनांच्या पुढे जातं. एवढं ओझं नुसत्या टाइल्सवर ठेवायला माझं मन घेत नाही. भिंतीच्या रेषेत फरशी फोडून खाली सळईचा काँक्रीट पट्टा टाकायचा, मगच पहिला थर. घरमालकाला हा खर्च जड वाटतो, पण इथे मी माघार घेत नाही. फारच अडचण असेल तर हलके ब्लॉक वापरा म्हणतो. त्यांचं वजन विटेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच असतं.

बाकी कामाची रीत ठरलेली आहे. विटा भिजवून घ्यायच्या, माल एकास चार, दर तीन-चार थरांनी सहा एमएमच्या सळया, त्यांची टोकं जुन्या भिंतीत रुतवलेली. ओळंबा मात्र थराथराला लावायचा. एका दिवसात तीन-चार फुटांच्या वर मी चढत नाही. खालचा ओला सांधा वरच्या भाराने दबतो आणि भिंत पोट काढते.

माझा जीव अडकतो तो वरच्या शेवटच्या सांध्यात. स्लॅबखालची फट त्याच दिवशी ठासून भरायची नाही. आधी माल आवळू द्यायचा, भिंत बसू द्यायची, मग ती भरायची. घाईत भरली की पुढे स्लॅब किंचित झुकतो, त्याचा भार या नाजूक भिंतीवर येतो आणि ती मधोमध तडकते. जुनी भिंत नवीला मिळते तिथेही तसंच. त्या जागी जाळी मारूनही कधीतरी केसाएवढी चीर येते, म्हणून मी प्लॅस्टरमध्ये तिथे सरळ उभी खाच ठेवतो. हलायचं तेवढं भिंत त्या रेषेत हलते.

हे आपल्याकडच्या जुन्या कुडाला आधीच माहीत होतं. पांढरकवडा, झरी-जामणीकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, बांबूच्या कामट्या विणून, शेणमातीने लिंपून भिंती केलेल्या असत. शेतकऱ्यांच्या घरात तुराट्या, पऱ्हाट्या उभ्या बांधून त्यावर कुटार कालवलेली माती चढे. जमीन हलली की कूडही थोडा हलायचा आणि दिवाळीच्या आधी बाई हाताने चीर लिंपून टाकायची. वाळवी आणि पाऊस त्याला खात, हे खरंच. तो परत आणा असं मी कोणाला सांगणार नाही. पण पलीकडे आजी खोकली तर अलीकडे ऐकू यायचं. ती सोय विटेत राहत नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसाची खोली वेगळी काढायची असेल, तर वर जाळीची खिडकी ठेवा असं मी स्वतःहून सुचवतो.

लग्नसराईमुळे ही कामं एप्रिल-मेमध्येच निघतात. जमीन तेव्हा सगळ्यात कोरडी असते, म्हणजे फुगणं पुढेच असतं. पाणी सात दिवस तरी मारा आणि आत्ता नुसता चुना फिरवा, असं मी सांगतो. पक्का रंग पावसाळा उलटल्यावर.