बोरिंगची गोष्ट

या विकांताचा विषय आहे बोरिंग. म्हणजे कंटाळवाणा नव्हे हो! आमच्या गोंदियाकडे हातपंपाला बोरिंग म्हणतात. पुण्यात नोकरीला आल्यावर कळलं की इकडे त्याला हापसा म्हणतात. असो.

तर या बोरिंगचा आणि चर्चचा संबंध आहे असं कुणी सांगितलं असतं, तर मी हसलो असतो. पण आहे.

१९६६ साली बिहारात मोठा दुष्काळ पडला. धान्य वाटणाऱ्यांत चर्चच्या संस्था होत्याच. त्यांना वाटपाचा अनुभवही होता. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसची 'कासा' ही संस्था १९४७ साली फाळणीच्या निर्वासितांसाठीच उभी राहिली होती. पण गहू वाटला की आजची चूल पेटते, पुढच्या वर्षीचं काय? म्हणून त्याच वर्षी, १९६६ मध्ये, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट संस्थांनी मिळून दिल्लीत 'अफप्रो' काढली. नावाचाच अर्थ अन्न पिकवण्यासाठी कृती. शतकानुशतकं एकमेकांच्या देवळात पाऊल न ठेवणारी ही मंडळी भुकेच्या प्रश्नावर एका टेबलाशी बसली, हे मला फार मोठं वाटतं. (अनेक प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं ते नंतर, १९७० साली, आणि तेही आमच्या शेजारी नागपुरात!)

अन्नाचा विचार करता करता सगळे पोचले पाण्यापाशी. साधं आहे. प्यायला पाणी नसलं की गाव उठतं, आणि गाव उठलं की शेत पडीक पडतं. आपल्या महाराष्ट्रात काळा कातळ. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जालन्याच्या स्कॉटिश मिशनने कातळ फोडणारं यंत्र आणून बोअर मारायला सुरुवात केली. युनिसेफही त्याच सुमारास यात उतरली.

आणि मग सापडला बग. बोअरवर बसवलेले बिडाचे पंप मुळात परदेशातल्या एका कुटुंबासाठी बनवलेले. इथे त्यावर अख्खं गाव, पहाटेपासून रात्रीपर्यंत! आमच्या भाषेत सांगायचं तर लोड टेस्टिंगच झालेलं नव्हतं. पंप धडाधड मोडायला लागले. मग मिशनच्या वर्कशॉपांत लोक डोकं लढवू लागले. जालना पंप, जलवड पंप, सोलापूर पंप... एकानं केलेलं दुसऱ्यानं घ्यायचं आणि सुधारायचं. सोलापूर पंपाच्या पायावर सरकार आणि युनिसेफने १९७०च्या दशकाअखेर 'इंडिया मार्क टू' तयार केला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडासने तो बनवला आणि त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही. कुठल्याही कारखान्यानं बनवावा! स्टॉलमनसाहेबांनी ग्नू जाहीर केलं १९८३ साली. आमच्या बोरिंगचा सोर्स कोड त्याच्याआधीच खुला होता.

हे सगळं ऑफिसातल्या एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, पण हे धर्मांतरासाठीच ना?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनाथ झालेली कितीतरी मुलं मिशनमध्येच वाढली आणि ख्रिस्ती झाली. पंडिता रमाबाईंनी १८९७ साली मध्य प्रांतातून दुष्काळग्रस्त बायका-मुली आणल्या. आमचा भाग तेव्हा त्याच प्रांतात होता. भुकेल्या माणसाचा होकार पूर्ण मोकळा असतो असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्या वेळी दारात दुसरं कोण उभं होतं, हेही विचारायला हवं.

माझं उत्तर मात्र आईकडून आलंय. तिचं माहेर अर्जुनी-मोरगाव तालुक्यात. धानाचा मुलूख, जवळपास मामा तलाव, तरी पिण्याच्या पाण्याचे उन्हाळ्यात हाल. गावची विहीर होती, पण ती आमच्या लोकांची नव्हती. आजी घागर घेऊन लांब उभी राहायची. कुणी वरून ओतलं तर पाणी, नाहीतर तासभर ताटकळणं. तो तास म्हणजे रोजीतला तास, म्हणजे संध्याकाळचा भात. ऐंशीच्या दशकात सरकारी योजनेतून आमच्या टोलीत मार्क टू बसला. बसवायला ना कुणी पाद्री आला, ना कुणी ख्रिस्ती झालं. आजीने स्वतःच्या हाताने पाणी काढलं, बस्स. आणि मे महिन्यात विहीर आटली तेव्हा विहिरीवाले घागरी घेऊन टोलीत आले. आईला विचारलं, तुम्ही काय केलं? "काय करणार? पाण्याले कोणाले नाही म्हणतेत का?"

मागच्या आठवड्यात फोनवर तिला जालन्याची हकिकत सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं. पण वायसर बदलाले कोण येत होता, थे पण लिहजो."

तर लिहितो. पंचायत समितीचा एक मेकॅनिक यायचा, सायकलवर, पाने बांधून. घरचं जेवण आजीकडेच व्हायचं त्याचं.