जयकरमधल्या बाई

संशोधन म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला शिकवलं ते पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात, संदर्भ विभागात बसणाऱ्या बाईंनी. त्यांच्या नावाआधी प्राध्यापक हे बिरुद नव्हतं, वेळापत्रकात त्यांचा तास नव्हता, माझ्या गुणपत्रिकेवर त्यांची सही नाही. तरी आजवर मी जे काही लिहिलं, त्यातल्या प्रत्येक तळटीपेवर पहिला हक्क त्यांचा आहे.

एम. ए.ला इतिहास घेतला होता आणि लघुप्रबंधासाठी १८९७चा पुण्यातला प्लेग निवडला होता. बाईंकडे जाऊन म्हटलं, "प्लेगवरची पुस्तकं हवी होती." त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं नाही, समोरची खुर्ची दाखवली. "बैस. प्लेगबद्दल तुला काय जाणून घ्यायचंय? रोग, सरकार, की माणसं?" मी म्हटलं, माणसं. "कुठली माणसं? त्यांनी स्वतः लिहिलेलं हवंय, की त्यांच्याविषयी दुसऱ्यांनी लिहिलेलं?" असं बराच वेळ चाललं. मी उठलो तेव्हा हातात एकही पुस्तक नव्हतं, पण वहीत एक प्रश्न होता: प्लेगचे रोगी शोधायला सोल्जर घरात शिरून झडत्या घेत होते तेव्हा पुण्यातल्या बायकांचं म्हणणं काय होतं, आणि ते छापून आलं असेल तर कुठे?

पुढचं सगळं काम त्या एका प्रश्नातून निघालं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एका पाठकोऱ्या कागदावर आकडे लिहून दिले. ड्यूईच्या वर्गीकरणात रोगाच्या साथी ६१४ला, भारताचा इतिहास ९५४ला, मराठी साहित्य ८९१.४६ला. "तुझा प्लेग एका कपाटात राहत नाही," त्या म्हणाल्या. इतिहासाचा विद्यार्थी ६१४च्या रांगेत कशाला जाईल? मी गेलो, कारण त्यांनी पाठवलं. तालिकेच्या खणातली कार्डं कशी वाचायची, 'पाहा' आणि 'हेही पाहा' अशा नोंदींचा माग कसा काढायचा, हे त्यांनी शेजारी उभं राहून दाखवलं. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची त्यांनीच पहिल्यांदा माझ्यापुढे ठेवली. १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची नोंद एका माणसाने ध्यास घेऊन केली, आणि आपल्याकडचे कितीतरी पदवीधर ते नाव न ऐकताच बाहेर पडतात, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण बाईंचा खरा धडा वेगळाच होता. एकदा त्यांनी टेबलावर दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या. एक आर. नेथन यांचा १८९८चा सरकारी ग्रंथ, 'द प्लेग इन इंडिया'. दुसरं, झडत्यांच्या महिन्यांतल्या 'केसरी'तल्या मजकुराची टिपणं. "दोन्हीकडे एकच झडती आहे. कोण लिहितंय, कोणासाठी लिहितंय, आणि कोण बोलतच नाहीये, ते सांग." मग त्यांनी पंडिता रमाबाईंकडे वळवलं. पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळाविषयी रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहिलं होतं. माझ्या प्रश्नाचं पहिलं ठोस उत्तर तिथे मिळालं. रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या, हे मला ठाऊक होतं. मात्र त्या मृत्यूची नोंद त्या काळात कोणी, कुठे, किती ओळींत घेतली हे तपासायचं असतं, ही दृष्टी बाईंची. ज्या विद्यापीठात हे चाललं होतं त्याची मुख्य इमारत म्हणजे जुनं गव्हर्नमेंट हाऊस. २२ जून १८९७च्या रात्री तिथला समारंभ आटोपून परतताना प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २०१४ साली त्याच विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं.

टिपणांच्या बाबतीत बाई फार कडक. एका कार्डावर एकच मुद्दा, आणि तो लिहिण्याआधी वर लेखक, ग्रंथ, वर्ष, पृष्ठ. मूळ शब्द घेतले तर अवतरणचिन्हं तिथल्या तिथे. "घरी गेल्यावर टाकते म्हणणाऱ्यांची चिन्हं कायमची राहतात," असं त्या म्हणत. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जायची वेळ आली तेव्हा कोणत्या खात्याच्या, कोणत्या सालच्या फायली मागायच्या, हे लिहूनच त्यांनी मला धाडलं.

हे केवळ माझ्यासाठी नव्हतं. विषय ठरले की बाई विभागात येऊन प्राध्यापकांकडे एक तास मागून घ्यायच्या. जूनमध्ये घोळक्याने ग्रंथालय दाखवण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. गरज पडायच्या आधी सांगितलेलं डोक्यात राहत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. दोघादोघांना एकेक जुनं कात्रण द्यायच्या आणि यातलं एक विधान तासाभरात दुसऱ्या साधनाने पडताळून आणा म्हणायच्या. वर्गात तोंड न उघडणारी मुलं त्या तासानंतर वाचनकक्षात हुज्जत घालताना मी पाहिली आहेत. कोण काय शोधतोय हे त्यांच्या लक्षात असे, आणि नवं काही आलं की त्यात नावाची चिठ्ठी घालून ते बाजूला ठेवलेलं असे.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यातला चौथा. बाई त्याच परंपरेतल्या. माझ्याशी पहिल्या दिवशी घालवलेल्या वेळाने माझे पुढचे कित्येक महिने वाचले.

आज 'शोधगंगे'वर लाखो प्रबंध घरबसल्या वाचता येतात आणि हे फार मोठं काम झालं आहे. पण २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचा साहित्यचौर्याचा नियम आला, तेव्हापासून अनेक विद्यार्थ्यांची ग्रंथपालांशी पहिली गाठ पडते ती प्रबंध लिहून झाल्यावर, साम्य दहा टक्क्यांच्या आत आहे असा अहवाल घ्यायला. ज्यांनी प्रश्न घडवायला मदत करायची, त्यांना आपण शेवटच्या फाटकावर उभं केलं आहे. हा ग्रंथपालांवर अन्याय आहे आणि विद्यार्थ्यांवर त्याहून मोठा.

बाई आता नाहीत. त्यांचं ऋण फेडायचं तर एकच मागणं मागता येईल. विद्यापीठांतल्या विभागप्रमुखांनी आपल्या ग्रंथपालांना वेळापत्रकात हक्काचे तास द्यावेत, आणि ते विद्यार्थ्यांचे विषय ठरत असताना द्यावेत, प्रबंध बांधायला गेल्यावर नव्हे.