हळदीच्या पानात ग्रास डेमन!

ग्रास डेमन! कालपासून हेच नाव तोंडात आहे आणि भेटेल त्याला मी ते सांगत सुटले आहे. स्किपर कुळातलं हे काळपट तपकिरी फुलपाखरू, पंख पसरले तरी जेमतेम चार-साडेचार सेंटिमीटर. आणि राहतं कुठे? तर आमच्या परसातल्या हळदीच्या वाफ्यात!

तपकिरी स्किपर ओळखणं भलतं कठीण. राइस स्विफ्ट आणि त्याचे भाऊबंद वेगळे काढायचे तर पंखांवरचे इवले अर्धपारदर्शक ठिपके नीट न्याहाळावे लागतात. याची ओळख मात्र लगेच पटते: पुढच्या पंखांवर पांढरे ठिपके, मागच्या पंखाच्या मधोमध मोठा थोरला पांढरा डाग. बाकी सगळी स्किपरची लक्षणं. जाडसर अंग, टपोरे डोळे, टोकाशी आकड्यासारख्या वळलेल्या मिशा. जमिनीलगत सावलीतून असं सुसाट जातं की नजर मागेच राहते. घाणेरीच्या फुलात लांब सोंड खुपसून बसलं, तेव्हा कुठे डोळे भरून पाहता आलं.

पण खरा खजिना पानात! अळी पानाची कड कुरतडते, दुमडते, रेशमी धाग्यांनी टाचते आणि आत मुक्काम ठोकते. मी एक सुरळी अलगद उलगडली. आत गुळगुळीत हिरवी अळी, कातडी इतकी नितळ की आतलं सारं दिसावं, आणि डोकं काळंभोर! श्रावणात पातोळ्यांसाठी पानं खुडताना अशी दुमडलेली पानं आपण बाजूला टाकतो. अहो, टाकू नका, आधी उजेडात धरून बघा!

आता कळतंय की त्याला शोधायचं तर आधी झाड ओळखायचं. हळद, आलं, सोनटक्का, पहिल्या पावसाबरोबर सह्याद्रीच्या उतारांवर उगवणारी रानहळद. आल्याच्या कुळातलं जे काही ओलसर सावलीत वाढतं, ते याच्या अळीचं खाणं. म्हणून तर पावसाळ्यात याची चंगळ. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन देखणं आहे, कबूल, पण माझं मन या तपकिरी पठ्ठ्याने जिंकलंय!

विहिरीकडच्या सोनटक्क्याचीही काही पानं कडेने दुमडलेली दिसताहेत. भिंग घेऊन निघालेच मी.