आत्याची ऋतुचर्या

माझी तब्येत आजवर धड राहिली, त्याचं श्रेय माझ्या चिपळूणच्या आत्याला आहे. वडिलांची नोकरी बदलीची, म्हणून हायस्कूलची वर्षं मी तिच्याकडे काढली. आरोग्य या विषयावर ती कधी बोलल्याचं मला आठवत नाही. घरात जे चालायचं ते मीही करू लागले आणि ते अंगात मुरलं.

चिपळूणचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. चार महिने कपडे वाळायचे नाहीत, भिंतींना ओल धरायची, मिठाला पाणी सुटायचं. अशा गावात सर्दी-तापाला निमित्त लागत नाही. आत्याचं सगळं शहाणपण या पावसाला धरून होतं आणि त्याची सुरुवात व्हायची ती आभाळ कोरडं असताना.

वैशाखात रातांबे पिकले की अगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीची, कामं निघायची. रातांबे फोडायचे, बिया आणि गर वेगळा करून त्यात मीठ घालायचं. सुटलेल्या रसात सालं बुडवायची आणि खळ्यात उन्हात घालायची. संध्याकाळी ती गोळा करून पुन्हा त्याच रसात, सकाळी पुन्हा उन्हात. असं दिवसामागून दिवस, सालं काळीभोर आणि मऊ होईपर्यंत. हात जांभळे व्हायचे, नखांतला रंग आठवडाभर जायचा नाही. काही रातांब्यांच्या वाट्या साखर भरून बरणीत उन्हाला ठेवायच्या, त्याचं सरबत. उन्हातून आलेल्याला आधी थोडा वेळ सावलीत बसवायचं आणि मग चिमूटभर मीठ-जिरं घातलेलं ते सरबत द्यायचं, हा तिचा नियम. घामावाटे पाणी जातं तसं मीठही जातं, हे मी शाळेच्या पुस्तकात नंतर वाचलं. सकाळच्या न्याहारीला नाचणीची आंबील असायची. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळाच्या कितीतरी पट. आत्याला आकडा ठाऊक नव्हता, पण वाढत्या वयाच्या पोरांना ती आंबील कधी चुकवू द्यायची नाही.

7 जूनच्या सुमारास मिरग लागतो. त्याच्या आठवडाभर आधीच घरातलं जेवण बदलायला लागायचं. आधी रात्रीचं दही बंद, मग दुपारचं. त्याच्या जागी सुंठ-हिंग लावलेलं पातळ ताक. माठ धुऊन माळ्यावर जायचा आणि पिण्याचं पाणी उकळायला मोठं पातेलं चुलीवर चढायचं. मी कुरकुरायची, “आत्या, अजून घाम निथळतोय, गार पाणी का बंद?” ती म्हणायची, “अगो, पाऊस दारात आल्यावर पोटाला सांगून काय उपयोग? त्याला आधी कळवायला नको?”

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात वाग्भटाच्या अष्टांगहृदयाचा मराठी अनुवाद हाती लागला. सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय ऋतुचर्येचा आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी होतो. या काळात जुना आहारविहार हळूहळू सोडावा आणि नवा हळूहळू धरावा, असं तिथे सांगितलं आहे. आत्याचं शिक्षण चौथीपर्यंतचं. तिने हा ग्रंथ पाहिलाही नव्हता, पण त्यातला हा नियम तिच्या स्वयंपाकघरात दरवर्षी पाळला जात होता. तिच्या सासूने तो तिच्या हाती दिला होता.

पावसाळ्यात भूक मंदावते म्हणून संध्याकाळचं जेवण दिवेलागणीलाच व्हायचं. मऊ भात आणि मेतकूट, नाहीतर कुळथाचं पिठलं. पहिल्या सरींनंतर टाकळा उगवला की कोवळा आहे तोवरच खुडून आणायचा. शेवळं आणली की त्यात काकडं हवीतच, नाहीतर घसा खाजतो. आश्विनात पाऊस सरून ऊन तापायला लागलं की तळण मागे पडायचं, ताटात पडवळ-कारली यायची. थंडीत तिळाचं तेल कोमट करून अंगाला लावायचं आणि सकाळचं कोवळं ऊन खात खळ्यात बसायचं.

आत्याच्या सवयींतली मला सगळ्यांत मोलाची वाटते ती शनिवारची. दर शनिवारी घरातली पिंपं, हंडे, न्हाणीघरातली टाकी रिकामी करून उपडी घालायची. नुसतं पाणी ओतून भागायचं नाही. नारळाच्या काथ्याने आतली कड खसाखसा घासायची, उन्हाची तिरीप असेल तर तिथे वाळवायची आणि मग पाणी भरून वर फडकं बांधायचं. डेंग्यूचा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटवून अंडी घालतो. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आरोग्य खातं आज आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतं. आमच्या घरी तो कधीपासून पाळला जात होता.

आणि घरगुती उपचार कुठे थांबवायचे, हे तिला नेमकं ठाऊक होतं. साध्या सर्दीला गवती चहा, आलं, तुळशीचा काढा ती द्यायची. जुलाब झाले तर मीठ घातलेली पेज घोटाघोटाने पाजायची. पण लावणीच्या दिवसांत शेजारच्या वाडीतला एक तरुण तापाने फणफणलेला तिच्याकडे काढा मागायला आला, तेव्हा तिने चूल पेटवलीच नाही. त्याचे डोळे लाल झाले होते, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की उंबऱ्यावर चढवेना, पायाला चिखल्या झालेल्या. “हा काढ्याचा ताप नव्हे,” असं म्हणून तिने त्याच पावली त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात पाठवलं. लेप्टो निघाला. उंदराच्या, गुराढोरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे तो शरीरात शिरतो. वेळेवर औषध मिळालं तर माणूस वाचतो, उशीर झाला तर मूत्रपिंडं आणि यकृत निकामी होऊ शकतात. तो तरुण बरा होऊन पुन्हा शेतावर गेला. निसर्गोपचाराच्या नावाखाली ताप अंगावर काढणारी माणसं पाहिली की मला आत्याची आठवण येते आणि तिच्याविषयीचा आदर आणखी वाढतो.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं काही देणं फेडायचं राहून गेलं असं म्हणावं, तर ती फेड घेणारी बाई नव्हती. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये खळं नाही, चूल नाही. तरी मे संपताना रात्रीचं दही बंद होतं, शनिवारी बादल्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या घासल्या जातात, आणि आता माझी सून हे मला न विचारता करते.

वाचणाऱ्याने एवढं तरी करावं. येत्या ऋतुसंधीला जेवणातली एक सवय हळूहळू सोडावी आणि येणाऱ्या ऋतूला मानवेल अशी एक हळूहळू धरावी. आठवड्यातला एक दिवस घरातली पाण्याची भांडी घासून कोरडी करावीत. आणि पावसाळ्यात ताप दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, किंवा त्याआधीच माणूस गळून गेला, तर काढा बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावं.